समुद्राच्या राखणीचा खर्च कोणीं द्यावा?

खानदेशांत पांझरा, मोसम इत्यादि नद्यांवर फड पद्धतीचे जुने बंधारे आहेत. बंधाऱ्यापासून निघालेल्या पाटाचें पाणी कोणत्या शेतास केव्हां द्यावयाचें, हें पाहण्यास तेथें पाटकरी असतो, व त्याचा मेहनताना पाणी घेणाऱ्या शेतकऱ्यांनींच द्यावयाचा असा फार दिवसांचा रिवाज आहे. हा रिवाज कोणासही अन्यायाचा वाटत नाहीं. पाटकरी नसेल तर वरच्या शेतांत चिखल आणि खालच्या शेतांत धूळ, हें प्रत्येकास ठाऊक असतें. परंतु हाच साधा न्याय समुद्रास लावावयाचा म्हटलें कीं मोठमोठीं राष्ट्रें गोंधळांत पडतात. समुद्रांतील मासळी अनेक राष्ट्रांची सामाईक. तिची राखण करणें अवश्य. आणि राखणीस पैसा लागतो. इतकें सर्वांस मान्य आहे. तो पैसा मासे धरणाऱ्यांनीं द्यावा कीं सर्व प्रजेच्या करांतून द्यावा, किती द्यावा, आणि एकाच मासळीवर आठ-दहा राष्ट्रांचा हक्क असेल तर तो वसूल कोणीं करावा, या प्रश्नांचा उलगडा मात्र तितका सोपा नाहीं.

पूर्वी हे प्रश्न उद्भवलेच नाहींत, कारण समुद्रांतील धन अक्षय्य आहे अशी समजूत होती. डच न्यायवेत्ता ह्यूगो ग्रोशियस यानें १६०९ मध्यें समुद्र सर्वांस मोकळा असावा असें प्रतिपादन केलें. समुद्र वापरल्यानें संपत नाहीं, हा त्याच्या युक्तिवादाचा एक आधार होता. पुढें १८८३ मध्यें लंडन येथें आंतरराष्ट्रीय मत्स्यप्रदर्शन भरलें असतां टॉमस हक्स्ले या थोर प्राणिशास्त्रज्ञानेंही मोठ्या समुद्री मासळीचा सांठा बहुधा न संपणारा आहे असेंच मत दिलें. शिडाच्या होड्या आणि हातांनीं ओढावयाचीं जाळीं यांच्या काळांत तें मत अगदींच निराधार होतें असें म्हणतां येत नाहीं. परंतु पुढें वाफेचीं व तेलाचीं यंत्रें आलीं, बर्फाची सोय झाली, ध्वनिलहरींच्या साह्यानें खोल पाण्यांतील थवे हुडकणारीं उपकरणें निघालीं, आणि तें मत हळूहळू खोटें ठरूं लागलें. कॅनडांतील न्यूफाउंडलंड बेटालगतची कॉड मासळी कित्येक शतकें युरोपास अन्न पुरवीत आली होती. जुलै १९९२ मध्यें ती धरण्यास बंदी करावी लागली आणि सुमारे तीस हजार लोकांची उपजीविका एकदम बुडाली. ही बंदी दोन वर्षांपुरती आहे असें तेव्हां सांगण्यांत आलें होतें. प्रत्यक्षांत ती पूर्णपणें उठण्यास २०२४ साल उजाडावें लागलें.

अशा नाशास लोभ कारण आहे असें सामान्यतः म्हटलें जातें. लोभ तर सर्वच धंद्यांत असतो. मग शेतकरी आपलें बियाणें खाऊन टाकीत नाहीं आणि कोळी मात्र समुद्र रिकामा करतो, असें कां व्हावें? डेन्मार्कमधील येन्स वॉर्मिंग या अर्थशास्त्रज्ञानें १९११ मध्यें या प्रश्नाचें मर्म उघड केलें. पण तो लेख डॅनिश भाषेंत असल्यामुळें बाहेर फारसा कोणीं वाचला नाहीं. पुढें १९५४ मध्यें कॅनडांतील स्कॉट गॉर्डन यानें तेंच तत्त्व स्वतंत्रपणें मांडलें व तें जगापुढें आलें. एक साधा हिशेब मांडला असतां तें कोणासही समजण्यासारखें आहे.

अशी कल्पना करावी कीं एका खाडींत मासे धरण्यास होड्या जातात व प्रत्येक होडीचा रोजचा खर्च, म्हणजे तेल, जाळें, मजुरी मिळून, ४० रुपये आहे. पहिली होडी एकटीच असतांना ती रोज ११५ रुपयांची मासळी आणते. पुढें एकेक होडी वाढली कीं सर्वांच्याच वांट्याचे पांच-पांच रुपये कमी होतात. आठ होड्या झाल्या म्हणजे प्रत्येकीस ८० रुपये मिळतात; एकूण उत्पन्न ६४० रुपये, खर्च ३२० रुपये, आणि निव्वळ शिल्लक ३२० रुपये. येथेंच थांबावें, हें शहाणपणाचें. परंतु नवव्या माणसास काय दिसतें? होडी घातली तर ७५ रुपये मिळतील, खर्च ४० रुपये, म्हणजे ३५ रुपये नफा. तो होडी घालतो. त्याच्या येण्यानें आधींच्या आठांचे प्रत्येकीं पांच, म्हणजे एकूण ४० रुपये बुडाले. पण ते त्याच्या जमाखर्चांत कोठेंच लिहिले जात नाहींत. ३५ रुपये मिळविण्यासाठीं दुसऱ्यांचे ४० रुपये नाहींसे झाले, आणि तरीही त्यानें कोणाची चोरी केली असें म्हणतां येत नाहीं. याच क्रमानें दहावी, अकरावी अशा होड्या येत जातात. सोळा होड्या झाल्या म्हणजे प्रत्येकीस ४० रुपयेच मिळतात. उत्पन्न पुन्हा ६४० रुपये, खर्चही ६४० रुपये, शिल्लक शून्य. होड्या दुप्पट, मासळी तेवढीच, आणि एका होडीस मिळणारा वांटा निम्म्यावर आला त्या अर्थीं पाण्यांतील सांठाही सुमारें निम्म्यावर आला.

आतां या खाडीस कोणी मालक आहे, व तो प्रत्येक होडीकडून रोज ४० रुपये शुल्क घेतो असें समजूं. आठ होड्यांचा खर्च शुल्कासह ८० रुपये व उत्पन्नही ८० रुपये होतें. नवव्या होडीस पांच रुपये तोटा आहे, म्हणून ती येत नाहीं. मालकाच्या पेटींत ३२० रुपये जमा होतात. पोलीस न ठेवतां, कोणाची होडी न मोडतां, केवळ शुल्कानें होड्यांची संख्या योग्य त्या ठिकाणीं थांबली. शुल्काची ४० रुपये ही रक्कम मनांत येईल ती घेतलेली नाहीं. नववा माणूस इतरांचें जें नुकसान नकळत करतो, तेवढीच ती आहे. मत्स्यशुल्काच्या अर्थशास्त्राचें बीज एवढ्यांत आलें.

मात्र येथें एक कटु गोष्ट लपवून चालणार नाहीं. सोळा होड्या होत्या तेव्हां कोळ्यास खर्च वजा जातां कांहीं उरत नव्हतें. शुल्क बसल्यावर राहिलेल्या आठांसही कांहीं उरत नाहीं, आणि बाकीच्या आठांस तर दुसरा धंदा पाहावा लागतो. ३२० रुपयांचा लाभ झाला खरा, पण तो सर्व मालकाच्या हातीं गेला. म्हणून शुल्काची गोष्ट काढतांच कोळीवर्ग रागावतो, यांत त्याचें अज्ञान नाहीं. त्यास स्वतःचा हिशेब नीट कळतो. शुल्कानें समुद्र वांचेल, पण त्या पैशाचें पुढें काय होतें यावरच तें न्याय्य कीं अन्याय्य हें ठरतें.

या दृष्टीनें शुल्काचे दोन प्रकार निराळे ठेवणें अवश्य आहे. पहिला प्रकार राखणखर्चाचा. मासळीचा सांठा किती आहे याची शास्त्रीय मोजणी, जहाजांवरील निरीक्षक, गस्त, नोंदवह्या, यांस जो खर्च येतो तो मासे धरणाऱ्यांकडून घ्यावयाचा. हा पाटकऱ्याचा मेहनताना होय. न्यूझीलंडनें १९८६ मध्यें प्रत्येक धंदेवाल्याचा मासळीचा वांटा ठरवून दिला, आणि १९९४ पासून संशोधन व देखरेख यांच्या खर्चाचा मोठा भाग त्या धंद्याकडूनच वसूल करण्याची पद्धत सुरू केली. दुसरा प्रकार खंडाचा. जमिनीचा मालक कुळाकडून खंड घेतो, तद्वत् राष्ट्रानें आपल्या प्रजेच्या वतीनें समुद्रांतील धनाचा खंड घ्यावयाचा. आइसलंडमध्यें २००४ पासून असें मत्स्यशुल्क घेतलें जातें, व त्याचा दर किती असावा हा तेथील राजकारणांतील एक नेहमींचा वादविषय आहे.

राखणखर्च देणाऱ्यांच्या हातून एक चांगली गोष्ट घडते. स्वतःचा पैसा जात असल्यामुळें ते खर्चावर डोळा ठेवतात, व सरकारी खात्याची उधळपट्टी कमी होते. परंतु त्याबरोबर एक भयही आहे. जो पगार देतो तो हुकूमही करूं पाहतो. पाटकऱ्यास ज्याच्या घरून धान्य येतें त्याच्या शेतास तो दोन घटका अधिक पाणी सोडील कीं काय, अशी शंका येतेच. म्हणून पैसा मासे धरणाऱ्यांचा असला तरी मोजणीचें व निर्णयाचें काम त्यांच्या हातीं नसावें, ही खबरदारी घ्यावी लागते.

एका राष्ट्राच्या पाण्यांतला प्रश्न येथवर सुटतो. परंतु मासा सरहद्द ओळखीत नाहीं. १९८२ च्या समुद्रविषयक आंतरराष्ट्रीय कराराप्रमाणें किनाऱ्यापासून २०० सागरी मैल, म्हणजे सुमारे ३७० किलोमीटर, पर्यंतच्या पाण्यांतील मासळीवर त्या त्या राष्ट्राचा हक्क मानला गेला, व हा करार १९९४ मध्यें अमलांत आला. त्यापलीकडील समुद्र कोणाचाच नाहीं. ज्यास कोंकणांत कुपा म्हणतात, त्या टुना जातीची मासळी तर हजारों मैल भटकते; आज एका राष्ट्राच्या पाण्यांत, महिन्यानें दुसऱ्याच्या, आणि मधल्या काळांत खुल्या समुद्रांत. अशा मासळीवर एकट्या राष्ट्रानें जबर शुल्क बसविलें तर जहाजें शेजाऱ्याकडे जातात. एकट्यानें संयम पाळला तर वांचविलेला मासा शेजारीच धरतो. म्हणजे मघांच्या खाडींतील नवव्या होडीचें कोडें येथें राष्ट्राराष्ट्रांमध्यें पुन्हा उभें राहतें, आणि येथें मालक म्हणून पेटी घेऊन बसणारा कोणीच नसतो.

पश्चिम व मध्य प्रशांत महासागरांतील लहान बेटांनीं हें कोडें कसें सोडविलें, याची हकीकत मननीय आहे. जगांत धरल्या जाणाऱ्या टुना मासळीपैकीं निम्म्याहून अधिक या भागांतून येते. तेथील किरिबाटी राष्ट्राची जमीन सुमारे ८११ चौरस किलोमीटर आहे, म्हणजे बृहन्मुंबईहून फारशी अधिक नाहीं. परंतु त्याच्या हक्काचा समुद्र भारताच्या भूप्रदेशाहूनही मोठा आहे. खाणी नाहींत, कारखाने नाहींत, शेती खोबऱ्यापुरती. समुद्रांत मात्र टुनाचे थवे आहेत, व ते धरण्यास जपान, अमेरिका, कोरिया, तैवान येथील मोठमोठीं जहाजें येत. कित्येक वर्षें या बेटांस मासळीच्या किमतीच्या शेंकडा पांच-सहाच्या आसपास मोबदला मिळे. एका बेटानें अधिक मागितलें कीं जहाजांचे मालक दुसऱ्याकडे जाण्याचा धाक घालीत. अमेरिकेस तर टुनावर किनाऱ्याच्या राष्ट्राचा हक्क आहे हेंच मान्य नव्हतें. १९८४ मध्यें सॉलोमन बेटांच्या सरकारनें एक अमेरिकन जहाज जप्त केलें, त्यावरून मोठा तंटा झाला, आणि अखेर १९८७ मध्यें अमेरिकेनें या भागांतील राष्ट्रांशीं करार करून मोबदला देण्याचें मान्य केलें.

यापूर्वींच, १९८२ मध्यें, मायक्रोनेशिया, किरिबाटी, मार्शल बेटें, नाउरू, पलाऊ, पापुआ न्यू गिनी व सॉलोमन बेटें यांनीं नाउरू करार करून एकजूट बांधण्यास आरंभ केला होता; तुवालू त्यांस मागाहून मिळालें. १९९२ च्या पलाऊ येथील ठरावानें त्यांनीं मोठ्या पर्ससीन जहाजांची संख्या मर्यादित केली. पण संख्या बांधली तरी जहाजें अधिक मोठीं होत गेलीं. म्हणून २००७ च्या अखेरीस त्यांनीं नवी पद्धत सुरू केली: जहाज विकत घेईल तो मासेमारीचा दिवस. वर्षांत एकूण किती दिवस मासेमारी होऊं द्यावयाची हें आठही राष्ट्रें मिळून ठरवितात. तो आंकडा सुमारे ४५ हजार दिवसांचा आहे. ते दिवस राष्ट्रांमध्यें वांटले जातात, व प्रत्येक राष्ट्र आपले दिवस जहाजांस विकतें. कमींत कमी किंमत सर्वांनीं मिळून ठरविलेली असते. २०११ च्या सुमारास ती दिवसास ५,००० डॉलर होती. २०१५ मध्यें ८,००० डॉलर झाली. ८० मीटरपेक्षां लांब जहाजाचा एक दिवस दीड दिवस धरला जातो, व ५० मीटरहून लहान जहाजाचा अर्धा. जहाज कोठें आहे हें उपग्रहाच्या साह्यानें समजतें, आणि २०१० पासून, साथीच्या काळांतील खंड वगळतां, प्रत्येक पर्ससीन जहाजावर एक निरीक्षक असतो.

याचें फळ थोड्या वर्षांतच दिसलें. २०१० मध्यें या राष्ट्रांचें मिळून मत्स्यशुल्काचें उत्पन्न सुमारे सहा कोटी डॉलर होतें. तें दशक संपेपर्यंत पन्नास कोटींच्या आसपास गेलें. किरिबाटीच्या सरकारी उत्पन्नाचा निम्म्याहून अधिक भाग कित्येक वर्षीं या शुल्कांतून आला आहे. तेथील शाळामास्तरांचे पगार, दवाखान्यांतील औषधें, बेटाबेटांतील दळणवळण, यांचा पैसा टुनाच्या थव्यांतून येतो असें म्हटल्यास अतिशयोक्ति होणार नाहीं. आणि मासळीही राहिली. अलीकडील शास्त्रीय पाहण्यांप्रमाणें या भागांतील स्किपजॅक, पिवळ्या परांचा टुना, मोठ्या डोळ्यांचा टुना व आल्बाकोर या चारही मुख्य जातींचा सांठा धोक्याच्या रेषेवर आहे. याचें सर्व श्रेय शुल्कासच देतां येत नाहीं. निसर्ग अनुकूल होता, व तरंगत्या तराफ्यांभोंवतीं जमणारे थवे धरण्यास वर्षांतील कांहीं काळ मनाई असते तिचाही त्यांत वांटा आहे. तरी आठ राष्ट्रें फुटून राहिलीं असतीं तर यांतील कांहींच साधलें नसतें, हें निश्चित.

आतां राखणखर्चाकडे वळूं. या महासागरांतील टुनाच्या व्यवस्थेसाठीं २००४ पासून एक आंतरराष्ट्रीय आयोग काम करतो. त्यांत मासे धरणारीं दूरचीं राष्ट्रेंही सभासद आहेत. त्याच्या खर्चाची वांटणी शिकण्यासारखी आहे. शेंकडा १० भाग सर्व सभासदांनीं सारखा द्यावयाचा, शेंकडा २० भाग राष्ट्राच्या संपत्तीच्या मानानें, आणि उरलेला शेंकडा ७० भाग ज्यानें जितकी मासळी धरली त्या मानानें. गरीब राष्ट्रांस स्वतःच्या पाण्यांत धरलेल्या मासळीबद्दल सूटही आहे. सभासदत्वाचें थोडें, ऐपतीचें थोडें, आणि उपभोगाचें पुष्कळ, असें हें त्रैराशिक आहे. हिंदी महासागरांतील टुनासाठींही असा आयोग आहे. त्याची कचेरी सेशेल्समध्यें असून भारत त्याचा सभासद आहे. त्याच्या वर्गणींतही धरलेल्या मासळीचा व राष्ट्राच्या संपत्तीचा विचार केला जातो. रत्नागिरीच्या बंदरांत उतरणारा कुपा अरबी समुद्राच्या पलीकडेही फिरून आलेला असतो. तेव्हां हा विषय कोंकणास परका नाहीं.

शुल्काचा भार अखेर कोणावर पडतो, असा प्रश्न गृहिणींच्याही मनांत येईल. डब्यांतील मासळी त्यामुळें महाग होते काय? टुनाचा भाव जगाच्या बाजारांत ठरतो. जहाजवाल्यानें शुल्क दिलें म्हणून गिऱ्हाईक आपखुशीनें अधिक पैसे देत नाहीं. फुकट मिळणाऱ्या मासळीवर जहाजवाल्यास जो जादा नफा होत होता, किंवा जादा जहाजें बांधण्यांत जो वायां जात होता, त्यांतूनच बहुतेक शुल्क निघतें. मात्र शुल्क त्या नफ्याहून अधिक झालें तर जहाजें येणार नाहींत. खंड फार चढला कीं कूळ शेत सोडतें, त्यांतलाच हा प्रकार.

या पद्धतींतही दोष आहेत. दिवस तेवढेच राहिले तरी यंत्रें सुधारत जातात. आजच्या एका दिवसांत वीस वर्षांपूर्वींच्या एका दिवसापेक्षां अधिक मासळी निघते. म्हणून दिवसांचा आंकडा वेळोवेळीं तपासावा लागतो. दुसरें, ज्या सरकारचा संसारच दिवस विकून चालतो त्यास आणखी थोडे दिवस विकण्याचा मोह होतो. शेजाऱ्यांची नजर हाच त्यावर उपाय. तिसरें, खुल्या समुद्रांत शुल्क घेणारा कोणी नाहीं. या आठ राष्ट्रांनीं २०१० च्या सुमारास परवान्यासच अशी अट जोडली कीं आमच्या पाण्यांत यावयाचें असेल तर आमच्यामधील खुल्या समुद्राच्या ठराविक तुकड्यांत जाळें टाकूं नये. ज्यावर हक्क नाहीं तेथेंही युक्तीनें शिस्त लावली गेली. चौथें, एकीकडे शुल्क घ्यावयाचें व दुसरीकडे कित्येक धनाढ्य सरकारांनीं आपल्या जहाजांस तेलाची व बांधणीची मदत द्यावयाची, म्हणजे पाटकरी ठेवून पाटास भोंक पाडण्यासारखें आहे. जागतिक बँकेच्या २०१७ मधील अंदाजाप्रमाणें अति मासेमारीमुळें जगाचें वर्षास सुमारे ८३ अब्ज डॉलरचें नुकसान होत होतें. अपायकारक मदतींस आळा घालणारा जागतिक व्यापार संघटनेचा करार २०२२ मध्यें झाला व सप्टेंबर २०२५ मध्यें अमलांत आला. त्यानें हें भोंक थोडेंसें तरी बुजेल अशी आशा आहे.

सर्वांत मोठी चिंता समुद्राच्या उष्णतेची आहे. एल निनोच्या वर्षीं टुनाचे थवे पूर्वेकडे, किरिबाटीच्या बाजूस, सरकतात. उलट वर्षीं पश्चिमेकडे, पापुआ न्यू गिनीच्या बाजूस येतात. आठ राष्ट्रें आपापसांत दिवसांची देवघेव करतात म्हणून हा चढउतार सोसवतो. परंतु पृथ्वीचें तापमान वाढत गेलें तर हे थवे कायमचेच पूर्वेकडील खुल्या समुद्रांत जातील असा शास्त्रज्ञांचा कयास आहे. मग ज्या बेटांनीं उष्णता वाढविण्यांत जवळजवळ कांहींच भाग घेतला नाहीं, त्यांचा खंड बुडेल, आणि तीच मासळी दूरचीं जहाजें फुकट धरतील. मासा सरहद्द ओलांडून गेला म्हणून त्याची आजवर राखण करणाऱ्याचा हक्कही संपावा काय, हा प्रश्न लवकरच आंतरराष्ट्रीय आयोगांपुढें उभा राहणार आहे, व त्याचें उत्तर केवळ अर्थशास्त्रांत सांपडणार नाहीं.

एक गोष्ट मात्र शेवटीं ध्यानांत ठेवली पाहिजे. हें शुल्क कोट्यवधि रुपयांच्या जहाजांसाठीं आहे. पोटापुरती मासळी धरणाऱ्या लहान होडीवर तोच नियम डोळे मिटून लावला तर समुद्र वांचेल, पण समुद्रावर जगणारा माणूस वांचणार नाहीं. फडावरचा पाटकरीही सर्व शेतांस एकाच मापानें मोजीत नाहीं. ज्याचें जितकें भिजतें, त्यानें तितकें द्यावयाचें असतें. प्रशांत महासागरांतील आठ लहान राष्ट्रांनीं हाच न्याय जगांतील बलाढ्य जहाजवाल्यांकडून मान्य करविला, आणि तो एकजुटीच्या बळावर करविला. त्यांच्यापैकीं एक जरी उद्यां कमी भावानें दिवस विकूं लागलें, तर उरलेल्या सातांची पेटी रिकामी होण्यास फार वेळ लागणार नाहीं.